ब्रेक कुठे तपासून घ्यावेत: कंपनीचं सर्व्हिस सेंटर, ओळखीचं गॅरेज की घरी येणारा मेकॅनिक?

गणपतीला गावी निघायच्या आधी गाडीचं काय काय बघायचं, हे बहुतेक घरांत ठरलेलं असतं. टायरची हवा, वायपर, एसी, पीयूसी. ब्रेकचा विषय मात्र "लागतायत ना?" एवढ्या प्रश्नावर मिटतो. पण शहरात चाळीसच्या वेगात नीट लागणारे ब्रेक ताम्हिणी किंवा कुंभार्ली उतरताना, पाच माणसं आणि डिकीभर सामान असताना, तसेच लागतील याची काही खात्री नाही. पीयूसीत फक्त धूर तपासतात. खासगी गाडीला नोंदणीची १५ वर्षं पूर्ण होईपर्यंत फिटनेस तपासणीचं बंधनही नाही. म्हणजे तोवर ब्रेककडे बघायची सगळी जबाबदारी मालकाचीच.

माझं मत आधीच सांगतो. पाटी कोणाचीही असो, जिथे चाकं उतरवून आतला पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, म्हणजे डिस्कला, दाबून गाडी थांबवणारा तुकडा) तुम्हाला डोळ्यांनी दाखवतात, ती जागा चांगली. पुढची सगळी तुलना मी याच कसोटीवर केली आहे.

कोणत्या खुणा कशाच्या

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला आतून शू दाबतात. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम पुढची चाकंच करतात आणि पुढचे पॅड आधी झिजतात. नव्या पॅडचा थर साधारण १० मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की बदलायची वेळ झाली असं समजा.

बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. थर पातळ झाला की ती डिस्कला घासते आणि बारीक, चिरका आवाज येतो. पावसाळ्यात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो आणि सकाळी पहिले दोन-चार ब्रेक लावताना घासल्यासारखा आवाज येतो. तो गेला तर विसरून जा. दिवसभर येत राहिला तर पॅड बघायला हवेत. आणि आवाज चिरका न राहता खर्रखर्र असा जाडाभरडा झाला असेल, तर थर संपून लोखंड लोखंडावर घासतंय. त्यापुढचा प्रत्येक किलोमीटर डिस्क खातो.

पेडलवरून तर बरंच कळतं. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढच्या डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. पेडल स्पंजासारखं मऊ लागलं तर पाइपात हवा शिरली आहे किंवा ब्रेक ऑइल जुनं झालं आहे. सिग्नलला पाय ठेवून उभे असताना पेडल हळूहळू खाली जात राहिलं, तर मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलमधून चाकांपर्यंत पाठवणारा भाग) आतून गळत असण्याची शक्यता मोठी. उलट पेडल दगडासारखं कडक झालं तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बघावा लागतो. त्याची चाचणी घरीच होते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि गाडी सुरू करा. बूस्टर ठीक असेल तर पेडल पायाखाली थोडं खाली जातं.

गाडी ब्रेक लावल्यावर एका बाजूला ओढत असेल, किंवा फेरी मारून आल्यावर एकाच चाकाजवळ जास्त धग आणि जळका वास येत असेल, तर एखाद्या चाकाचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) जाम असण्याची शक्यता मोठी. चाकाला हात लावू नका, जवळ नेला तरी कळतं. हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर खेचावा लागत असेल तर मागचे शू झिजलेत किंवा सेटिंग सुटलंय.

डॅशबोर्डवरचा उद्गारचिन्हाचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही जळत असेल, तर ऑइलची पातळी खाली गेलेली असू शकते. पॅड झिजत जातात तसं डबीतलं ऑइल खाली जातंच. नुसतं ऑइल ओतलं की दिवा जातो, पण झीज किंवा गळती तशीच राहते. असं ऑइल ओतून दिवा घालवणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये, असं मी स्पष्टच म्हणेन.

बाहेरून बघून भागत का नाही

स्टिअरिंग पूर्ण वळवून, अलॉयच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारला की पॅड दिसतो. पण दिसतो तो बाहेरचा. छोट्या गाड्यांचा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि पिस्टन आतल्या बाजूला असतो. पिनांचं ग्रीस वाळलं, रबर फाटून त्यात पाणी गेलं की कॅलिपर सरकणं बंद होतं आणि सगळा दाब आतल्या पॅडवर येतो. बाहेरचा पॅड ६ मिलिमीटर दिसत असताना आतला पत्र्याला टेकलेला असू शकतो. किनारपट्टीवरच्या खाऱ्या हवेत पिना लवकर धरतात, म्हणून मुंबई-कोकणातल्या गाड्यांना हे आवर्जून बघावं.

मागचा ड्रम तर बंद डबाच. तो काढल्याशिवाय शू किती उरलेत, ते ढकलणारा व्हील सिलिंडर गळतोय का, काहीच कळत नाही. चाकं जागेवर ठेवून "ब्रेक ओके" म्हणणारी तपासणी अर्धीसुद्धा नाही.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर

त्यांची खरी ताकद उपकरणांत आणि कागदात आहे. एबीएसचा (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोणत्या चाकाचा सेन्सर बोलत नाही ते नेमकं कळतं. एप्रिल २०१९पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, म्हणजे त्यानंतरच्या गाडीला चाकांजवळ नाजूक सेन्सर आणि वायर आहेतच. तुमच्या मॉडेलच्या डिस्कची आणि शूची मर्यादा त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेली असते, पार्ट कंपनीचा मिळतो, बिल मिळतं आणि वॉरंटीची नोंद राहते.

उणीव अशी की गाडी आत जाते आणि तुम्ही काचेच्या अलीकडे बसता. बोलणं ॲडव्हायझरशी होतं, हात लावणाऱ्या फिटरशी नाही. तपासणीच्या कागदावर रांगेने बरोबरच्या खुणा येतात, चाक उतरलं होतं का ते त्यातून कळत नाही. कॅलिपरचं रबर किट बदलून भागत असेल तिथेही पूर्ण कॅलिपरचा अंदाज हातात पडू शकतो.

यावर एक उपाय चांगला चालतो. गाडी देतानाच जॉबकार्डवर लिहून घ्या: "चारही चाकं उतरवून पॅड आणि शूची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून द्यावी, आतल्या पॅडसह." आकडा लिहायचा म्हटलं की मोजावंच लागतं. पुढच्या सर्व्हिसला तोच कागद हाताशी असला की झीज किती वेगाने होतेय, हेही समजतं.

ओळखीचं गॅरेज

वॉरंटी संपलेल्या गाडीच्या नेहमीच्या तपासणीला मी गॅरेजच निवडेन. तुम्ही शेजारी उभे राहू शकता, पॅड हातात घेऊन बघू शकता, "हा अजून सहा महिने चालेल" हे ऐकू शकता. मजुरी कमी पडते आणि बदलण्याआधी दुरुस्तीचा विचार होतो.

पण गॅरेज-गॅरेजमध्ये फरक फार, आणि तो ओळखायला दहा मिनिटं उभं राहून बघणं पुरे. कॅलिपर सोडल्यावर तो तारेने किंवा हुकाने वर बांधला जातो का, की रबरी पाइपला लोंबकळत सोडतात? लोंबकळला तर पाइप आतून चिरतो आणि ते बाहेरून दिसत नाही. अडकलेल्या ड्रमवर थेट हातोडा पडतो का? बऱ्याच ड्रमना आट्यांची दोन भोकं दिलेली असतात. त्यात बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की ड्रम आपोआप सुटून येतो. जाणता मेकॅनिक आधी तेच करतो. ब्रेकची धूळ हवेच्या नळीने उडवतात की ओल्या फडक्याने, क्लीनरने काढतात? ती धूळ नाकातोंडात जाणं त्यांच्याही छातीला वाईट. पिना बाहेर काढून जुनं ग्रीस पुसतात का? नवं लावताना उष्णता सोसणारं, ब्रेकसाठीचंच ग्रीस वापरतात का? आणि ऑइल सीलबंद डब्यातलं असतं का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं. नवं डॉट ३ प्रतीचं (डॉट हे ऑइलच्या दर्जाचं मानक) ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. डॉट ४चे तेच आकडे २३० आणि १५५. लांब घाट सतत ब्रेकवर उतरला की ऑइल तापतं, ओलं ऑइल आधी उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून महिनाभर उघड्या डब्यातलं ऑइल नको, आणि साधारण दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलायला हवं. झाकणावर जे डॉट लिहिलंय तेच घाला. काळपट पडलेलं ऑइल जुनं असतं, पण नितळ दिसणारं चांगलंच असेल असं नाही. ओलावा डोळ्यांना दिसत नाही. तो मोजायचं पेनासारखं छोटं यंत्र मिळतं. ते ज्या गॅरेजात असेल, तिथे काम समजून केलं जातं असं मानायला हरकत नाही.

घरी येणारा मेकॅनिक

पुढचे पॅड बघणं, बदलणं, पिनांना ग्रीस करणं इतक्यासाठी ठीक. घरातल्या ज्येष्ठांची गाडी असेल, ती कमी चालत असेल, तर सोयीचंच. पार्किंग सपाट हवं आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर घेतली पाहिजे. ड्रम अडकला, ऑइल बदलून हवा काढायची वेळ आली किंवा डिस्क लेथवर न्यायची असली की काम अर्ध्यावर अडतं. घाटातल्या प्रवासाआधीच्या पूर्ण तपासणीसाठी हा पर्याय मी घेणार नाही.

पार्ट कुठला?

कंपनीच्या खोक्यातले पॅड महाग पडतात. बॉश, टीव्हीएस गर्लिंग, राने (Rane) यांसारख्या नावाजलेल्या उत्पादकांचे त्यांच्या स्वतःच्या खोक्यातले पॅड बहुधा स्वस्त मिळतात, आणि रोजच्या गाडीला ते पुरेसे आहेत. पुण्यात नाना पेठेत सगळे प्रकार शेजारी शेजारी मिळतात, नकलीही मिळू शकतात. म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. खोकं नसलेले सुटे पॅड कितीही स्वस्त असले तरी नको. पॅड नेहमी डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकत्र बदलायचे, नाहीतर गाडी ओढते.

डिस्कला चरे पडले असतील तर लेथवर घासून सपाट करणं स्वस्त, नवी जोडी महाग. निर्णय डिस्कवरच लिहिलेला असतो. बहुतेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. घासल्यावर त्याहून कमी भरणार असेल तर नवीच घ्या. पातळ डिस्क लवकर तापते, आणि घाटात तेच नको असतं. नख कडेवरून आत ओढून बघा. उंच कंगोरा लागला तर डिस्क बरीच झिजली आहे.

मग तुम्ही काय करावं

गाडी वॉरंटीत असेल किंवा एबीएसचा दिवा जळत असेल, तर सर्व्हिस सेंटर. वॉरंटी संपली आहे, दिवा नाही, आवाज किंवा थरथर आहे, तर वरच्या कसोट्यांना उतरणारं गॅरेज. पाच-सात वर्षांची गाडी असेल तर वर्षातून एकदा गॅरेजात चारही चाकं उघडून बघायची आणि दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, हे माझ्या मते सगळ्यात कमी खर्चात जास्त भरवशाचं. पेडल तळाला जात असेल किंवा लोखंड घासल्याचा आवाज असेल, तर "हळूहळू नेतो" म्हणू नका, गाडी टो करून न्या.

पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत काही वेळा दाबायला हवं. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिला ब्रेक लागतच नाही. मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारा. जुने पॅड मागून घ्या आणि आतल्या-बाहेरच्या पॅडची झीज जुळवून बघा. फरक मोठा असेल तर पिनांचं काम झालंय का ते तिथेच विचारा. नवे पॅड डिस्कवर बसायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर जातात, तोवर करकचून ब्रेक टाळायचे असतात. तेव्हा हे काम निघायच्या आदल्या संध्याकाळी नको, पंधरा दिवस आधी उरकून घ्या.