जुना फोटो स्कॅन करून घेतला: तालुक्याचा स्टुडिओ, पाचपैकी चार

एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो, त्यामुळे माणसं मोजायची खोड काही जात नाही. या फोटोत 36 आहेत. खुर्च्यांवर 11, त्यांच्यामागं उभे 13, सगळ्यात मागं बाकांवर 12. बाबांच्या स्क्वाड्रनमधले, म्हणजे विमानांच्या तुकडीतले, जुने लोक रिटायर झाल्यावर एकदा भेटले होते, तेव्हाचा हा फोटो. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. ते असताना फोटो बैठकीत टांगलेला होता आणि मी रोज त्याच्याखाली बसून चपला घालत होतो. एकदाही विचारलं नाही की हे कोण, ते कोण. आता 36 पैकी मला ओळखू येत होता एक, तो म्हणजे बाबाच.

आमच्या भागात मिलिटरी म्हटलं की लोकांना पुलगावचा दारूगोळा डेपो आठवतो. बाबा मात्र हवाई दलात होते, 22 नंबरच्या स्क्वाड्रनला, ग्नॅट या छोट्या लढाऊ विमानाचे इंजिन फिटर. ग्नॅट म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख जेमतेम 22 फूट. लांबीलाही आपल्या लाल परीहून कमी. 22 नोव्हेंबर 1971 ला, म्हणजे लढाई रीतसर सुरू व्हायच्या 11 दिवस आधी, याच स्क्वाड्रनच्या चार ग्नॅटनी कोलकात्याच्या डमडमवरून उडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेजवळ, बोयरावर, पाकिस्तानी सेबर विमानं पाडली. ती चालवणारे मॅसी, गणपती, लाझारस आणि सोरेस. चौघांची नावं कुठंही शोधा, सापडतात. तिघांना वीरचक्र मिळालं. पण त्या विमानांची इंजिनं रात्री कोणी उघडली, कोणी बंद केली, ते कुठं लिहून नाही. बाबांना विचारलं तर म्हणायचे, "चार गेले, चार वापस आले. आपलं काम तेवढंच." त्यापुढं गप्प. म्हणून हा फोटो.

तर दुकानाबद्दल. बस स्टँडकडून बाजाराकडे जाताना भजेवाल्याच्या वरच्या मजल्यावर हा स्टुडिओ आहे. जिना अरुंद आणि अंधारा, गुडघेदुखीवाल्यांनी खालूनच हाक मारावी, पोरगा खाली येतो. मुख्य धंदा लग्नाचे अल्बम आणि पासपोर्ट फोटो. मालक असेल पस्तिशीचा. मी फोटो चौकटीसकट नेला होता. पावसाळ्यातल्या ओलीनं फोटो काचेला चिकटून बसला होता, एका कोपऱ्यात बुरशीचे ठिपके होते आणि सगळ्यावर लालसर झाक आली होती. मी म्हटलं, "काच काढ ना बापू आधी." तो म्हणाला, "काका, ओढला तर चेहरे काचेवर राहतील आन् कागद हातात येईल." फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं, ते ओलं होऊन काचेला धरतं. हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं. मी तर घरी वाफ देऊन पाहणार होतो. एक स्टार इथंच.

पण पहिल्या खेपेला त्यानं घोळ केला, तोही सांगतो. मोबाइलवर फोटो काढला, जुने फोटो नवे करणाऱ्या कुठल्याशा ॲपमध्ये टाकला आणि चमकदार कागदावर मोठी प्रिंट हातात दिली. 450 रुपये. पाहून मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. लाली गेली, आकाश निळं झालं, सगळे कसे धुतल्यासारखे. बाबांच्या कपाळावरची आठीसुद्धा गेली होती, ते मात्र मला खटकलं.

ती प्रिंट घेऊन मी वरुडला गेलो. तिथं बाबांच्या ट्रेडचे, म्हणजे इंजिनाचंच काम केलेले, एक काका आहेत, वय 80 च्या वर, संत्र्याच्या बागेतच घर. त्यांनी चष्मा पुसला, प्रिंट उजेडात धरली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकेकावर बोट ठेवत गेले.

"हा कोन आहे?"

"काका, तेच तर तुम्हाला विचारायला आलो."

"हा आमच्यातला नोहे. हा बी नोहे. बाप्पा, हे कोनते लोक आनले तू?"

खुर्चीवर बसलेल्या एका बाईंपाशी थांबले. म्हणाले, इथं एक वहिनी बसल्या होत्या, पण ही ती नाही. आणि स्वतःला तर त्यांनी ओळखलंच नाही. मधल्या रांगेत पाचवा की सहावा, यावर अडले. सूनबाई म्हणाल्या, "मामाजींच्या गालावर तीळ आहे, इथं तर एकाच्याही नाही." ॲपनं तीळ पुसला होता. ॲपला चेहरा धूसर दिसला की ते स्वतःच्या मनानं नाक-डोळे बसवतं. तयार होतो तो कोणाचा तरी चेहरा, पण त्या माणसाचा नव्हे. परतीच्या गाडीत मी ती प्रिंट गुंडाळी करून पिशवीत उलटी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो ते भांडायच्या तयारीनंच. पोरगं खाली बघत उभं राहिलं. मालकानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काका, तुम्हाला भिंतीवर लावायचा आहे का माणसं ओळखायची आहेत?" हा प्रश्न त्यानं पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. कापलेला स्टार याचा.

मग त्यानं टेबलाखालून एक जाडजूड जुना स्कॅनर काढला. वर पातळ, नवा स्कॅनर होता, तो का नाही म्हटलं तर म्हणाला, नव्याला फक्त काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं, मधे फोटोची आपली काच आली की सगळं पुसट. हा जुना जरा खोलवर पाहतो. चौकटीचे खिळे काढले, काच आणि तिला चिकटलेला फोटो तसाच एकत्र उचलला, काच कोरड्या मऊ फडक्यानं पुसली आणि स्कॅनरवर पालथा ठेवला. 1200 डीपीआय, म्हणजे इंचाला 1200 ठिपके. फोटो 8 बाय 10 इंच, त्यात 36 माणसं, म्हणजे एका चेहऱ्याला हरभऱ्याच्या दाण्याएवढी जागा. नेहमीच्या 300 ला त्या दाण्यात एका ओळीत शंभर ठिपकेही बसत नाहीत, 1200 ला पावणेचारशे बसतात. कॉम्प्युटर दोनदा अडकला. फाइल साडेतीनशे एमबीच्या आसपास झाली. मी खाली जाऊन भजे खाऊन आलो तरी रेघ सरकतच होती.

आणि मग त्यानं जे केलं त्यासाठी मी हे लिहितो आहे. चौकटीचा मागचा पुठ्ठा बाजूला पडला होता. तो म्हणाला, "काका, फोटोच्या मागं पेन्सिलीनं काहीतरी आहे. त्याचाही स्कॅन घेऊन ठेवू." 40 वर्षं नाही म्हटलं तरी, जेव्हापासून टांगला तेव्हापासून कोणी तो पुठ्ठा काढला नव्हता. मागं बाबांचं अक्षर. तेरा आडनावं, प्रत्येकापुढं ट्रेड. इंजिन, एअरफ्रेम, इन्स्ट्रुमेंट, आर्मामेंट. तेरा म्हणजे मधली रांग. बाबांनी फक्त स्वतःची रांग लिहिली होती.

घरी येऊन डावीकडून लावायला बसलो तर काहीच जुळेना. यादीत बाबा तिसरे. फोटोत तिसरा म्हणजे एक पगडीवाले सरदारजी. आई बाजूला तूर निवडत होती. म्हणाली, "तुहे बाबा सरदार कधीपासून झाले गा?" रात्री डोक्यात प्रकाश पडला. बाबांनी फोटो उलटा करून, उजेडासमोर धरून, मागून दिसणाऱ्या सावल्यांप्रमाणे नावं लिहिली होती. म्हणजे डावं-उजवं उलट. उजवीकडून मोजलं, तिसरे बाबा. आणि डावीकडून तिसरे ते सरदारजी, उजवीकडून अकरावे. यादीत अकरावं आडनाव गिल. बसलं.

साधी प्रिंट, मोठ्या कागदावर, काहीही न सुधारलेली, लाली आणि बुरशीसकट. वर पारदर्शक प्लास्टिक, त्यावर मार्करनं 1 ते 36 आकडे. आकडे फोटोवर नको, प्लास्टिकवर घाला, ही कल्पनाही मालकाचीच. ती घेऊन परत वरुड. या वेळी काकांनी पहिल्या मिनिटाला स्वतःला ओळखलं, तिळासकट. मग धडाधड. हा कॅन्टीनमध्ये उधारी ठेवायचा. हा पत्र लिहून द्यायचा सगळ्यांना. खुर्चीवरच्या त्या बाईंपाशी आले तेव्हा आवाज बदलला. त्यांच्या साडीवर पदकं आहेत, पण उजव्या बाजूला. स्वतःची पदकं डावीकडे लावतात. गेलेल्या माणसाची घरच्यांनी लावली तर उजवीकडे. ॲपनं त्या पदकांचं जरीकाम करून टाकलं होतं. एक पदक चांदणीच्या आकाराचं आहे, पाच टोकांचं. तशी चांदणी 1965 ची असू शकते नाही तर 1971 ची. काकांनी रिबनचे पट्टे अगदी नाकाजवळ नेऊन पाहिले आणि म्हणाले, 'पूर्वी स्टार', म्हणजे 71 च्या पूर्वेकडच्या लढाईचं पदक. त्या बाईंचे यजमान आमच्याच लाइनीत होते. एवढंच म्हणाले आणि सूनबाईंना चहा ठेवायला सांगितला.

आजवर 36 पैकी 27 लागले. काकांनी पुढं केरळातल्या एका सार्जंटांना व्हॉट्सॲपवर पाठवला, त्यांनी सहा लावले.

दुसऱ्या खेपेचे स्कॅन, प्रिंट आणि प्लास्टिक मिळून 600 झाले. पहिले 450 त्यानं परत केले नाहीत, मीही मागितले नाहीत, पण एक साधी जोडप्रत फुकट दिली. जाणाऱ्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवा. आधी सांगा की चेहऱ्याला हात लावायचा नाही. मोठी फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या, तो आपण होऊन फक्त व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि तिथं ती बारीक होते. आणि लग्नसराईत जाऊ नका, जिन्यातच रांग असते.

34 नंबर अजून लागलेला नाही. मागच्या रांगेत, बाकावर, बाबांच्या बरोबर मागं उभा. त्याचा उजवा हात बाबांच्या खांद्यावर आहे. 1200 ला मोठं करून पाहिलं तर मनगटावर घड्याळ दिसतं, पट्टा आत वळवून घातलेलं, तबकडी नाडीच्या बाजूला. बाबाही तसंच घालायचे.