स्नूकरच्या ऍश क्यूचं ग्रेन (लाकडातल्या रेषा) काळं केलं, आठ महिन्यांनंतर काय टिकलंय

डिसेंबरात केलेलं काम आहे, आता ऑगस्ट चाललाय, मधे बराचसा पावसाळा खाऊन झाला म्हणून आता लिहितोय. काम झाल्या झाल्या काढलेल्या फोटोत सगळ्यांचेच क्यू मस्त दिसतात.

माझा क्यू, म्हणजे खेळायची काठी, 57 इंची, ऍश लाकडाचा, टिप (बॉलला लागणारं टोक) 9.5 एमएम. ऍशच्या रेषा म्हणजे खरं तर लाकडाची उघडी छिद्रं, वरचे ते बाणासारखे आकारही त्यांचेच. माझ्या क्यूवर ह्या रेषा अगदी फिकट होत्या आणि टिपेकडच्या वीतभर भागात त्यात टिपेला लावायचा हिरवा चॉक जाऊन बसलेला, कितीही पुसा निघत नाही. दिसायला घाण, आणि ब्रिज हातावरून (टेबलावर टेकवून क्यूला आधार देणारा हात) सरकताना हलकी खरखर पण लागायची.

पहिला प्रयत्न सरळ फसला. स्पिरिटमधला काळा रंग कापडावर घेऊन फासला, म्हणलं छिद्रात शिरेल आणि वरचा पुसला जाईल, पण मधलं पांढरं लाकूडसुद्धा तो पिऊन बसलं आणि अख्खा शाफ्ट, म्हणजे क्यूचा दांडा, राखाडी झाला, जुन्या छत्रीच्या दांडीसारखा. मग पॉलिश पेपर घेऊन दोन संध्याकाळी घासत बसलो. इथे जीव धाकधूक होतो कारण जास्त घासलं की शाफ्ट बारीक होतो, टेपर (टिपेकडे निमुळता होत जाणारा आकार) बिघडला की तो परत येत नाही. मी चार ठिकाणी खुणा करून व्हर्नियरने मापत होतो. त्यात फेरूलला, म्हणजे टिपेखालच्या पितळी कड्याला, टेप लावायला विसरलो, पितळेची काळी भुकटी लगेच शेजारच्या लाकडात गेली, ते वेगळंच निस्तरावं लागलं.

मग आमच्याकडे फर्निचरला पॉलिश करणाऱ्या काकांना विचारलं. ते हसले, म्हणाले "अरे आधी लाकडाचं तोंड बंद कर, मग रंग भर." म्हणजे लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये भरपूर पातळ करून एकच हात मारायचा, त्याने सपाट लाकूड रंग पीत नाही आणि छिद्रं मात्र उघडीच राहतात. तो वाळला की चॉक मिट्टी (खडूची पांढरी पूड, क्यूचा चॉक नव्हे), काळा ऑक्साइड (रंगाची पूड) आणि जवसाचं तेल असं घट्टसर मळून कापडाने रेषांना आडवं रगडायचं, आणि जरा सुकायला लागलं की गोणपाटाच्या तुकड्याने पुसायचं, तेही आडवंच. उभं पुसलं तर छिद्रातला माल बाहेर ओढला जातो. सगळं सामान हार्डवेअरच्या दुकानात 200 रुपयांच्या आत आलं.

आता खरी परीक्षा वाट बघण्याची. कच्चं जवसाचं तेल वाळायला फार वेळ घेतं. बॉइल्ड म्हणून मिळतं त्यात वाळवणारं औषध घातलेलं असतं, मी तेच वापरलं तरी आठवडाभर हात लावला नाही. पहिला भराव वाळून थोडा खाली बसला म्हणून परत एकदा भरला. शेवटी 600 चा पेपर रेषांच्या दिशेने अगदी अलगद, मग तेलाचे पातळ तीन हात, प्रत्येक हातानंतर पूर्ण कोरडं पुसून. आणि हो, तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात फेकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

वापराचं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस वैताग होता, प्रत्येक फ्रेमनंतर (डावानंतर) टॉवेल काळपट, पांढऱ्या शर्टावर पण एकदा डाग पडला. मग थांबलं. बटकडचा, म्हणजे मागच्या जाड टोकाकडचा, अर्धा भाग आजही पहिल्या दिवसासारखा काळा आहे. ब्रिज हात जिथे रोज घासतो तिथे मात्र दोन रेषा फिकटल्यात, तिथे घाम आणि टॉवेल दोन्ही सतत. जुलैत शाफ्ट चिकट लागायला लागला, मला वाटलं भराव सुटतोय, पण चूक माझीच, मे महिन्यात हौसेने तेलाचा जाड हात मारून नीट पुसला नव्हता. कोरड्या कापडाने जोर लावून रगडल्यावर गेला.

चॉक आता अडकत नाही, ओल्या कापडाचा एक फेरा आणि साफ, आणि क्यू खरंच गुळगुळीत सरकतो. पैसे आणि डोकेदुखी वसूल झाली ती ह्यासाठी, दिसण्याचा नंबर नंतर. नेम सुधारतो वगैरे कोणी म्हणत असेल तर माझा तरी सुधारला नाही, लाँग पॉट (लांबून खिशात मारलेले बॉल) पूर्वीसारखेच जॉ वर, म्हणजे खिशाच्या कडेवर, आपटून बाहेर येतात.

क्लबातला एक मित्र आता मागे लागलाय, माझाही करून दे. त्याचा क्यू मेपलचा. त्यात भरायला छिद्रंच नाहीत दिसण्यासारखी, हे त्याला तीनदा सांगून झालंय, तरी काल ऑक्साइडची पुडी घेऊन आला.