जुनी ईएस-१७५ घेताय? पी-९० की हमबकर, माझं मत

गिब्सनची जुनी ईएस-१७५, म्हणजे जॅझवाल्यांची पोकळ बॉडीची इलेक्ट्रिक गिटार, घ्यायचं नक्की झालं की पुढचा प्रश्न एकच उरतो, पिकअप (तारेचं कंपन पकडून ॲम्पला पाठवणारा भाग) कुठला: एका कॉइलचा पी-९० की दोन कॉइलचा हमबकर. १९४९ ला मॉडेल आलं तेव्हापासून पी-९०, आणि १९५७ पासून सेथ लव्हरने डिझाइन केलेला हमबकर, एवढं तर तुम्हाला माहीतच असेल. बाकी लॅमिनेटेड मेपल, सोळा इंची बॉडी, टोकदार कटअवे सगळं तेच, म्हणजे खरी निवड पिकअपचीच आहे. मी दोन्ही वाजवल्यात, दोन्ही माझ्याकडे एकाच वेळी होत्या, आता एकच आहे. का ते सांगतो, पण तुमचे कान वेगळे, तुमचा ॲम्प वेगळा, त्यामुळे हे सगळं माझ्यापुरतंच धरा.

आधी हमबकरची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. जॅझ गिटारिस्ट जो पासचा आवाज ज्यांच्या डोक्यात बसलाय त्यांना तोच हवा असतो, आणि दुसरा जॅझ गिटारिस्ट पॅट मेथेनी इतकी वर्षं वाजवत होता ती १९५८ ची सुद्धा हमबकरवालीच. गोल, मऊ, सोलो लाइन वाजवताना एकेक सूर असा भरून येतो की टोन नॉबला हात लावावासा वाटत नाही. आणि शांतता! दोन कॉइल उलट्यासुलट्या जोडलेल्या असल्यामुळे हम, म्हणजे विजेच्या लाइनमुळे येणारी घूं, कापला जातो, गिटार थांबली की ॲम्प पण थांबतो. रेस्टॉरंटमध्ये, जिथे दिव्यांचे डिमर आणि फ्रिज एकाच लाइनवर असतात, तिथे याची किंमत कळते. आपल्याकडे पुण्या-मुंबईत जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंगचा भरवसा नसतो, तिथे वाजवणार असाल तर हा मुद्दा अजूनच मोठा.

पी-९० हम करतो. यात लपवण्यासारखं काही नाही. काही जणांना वाटतं की दोन पिकअपवाली, म्हणजे १९५३ पासूनची १७५डी घेतली आणि स्विच मधे ठेवला की हम जाईल, तर तसं होत नाही, गिब्सन तेव्हा दुसरा पी-९० उलटा गुंडाळत नव्हती. उपाय एकच, खुर्ची थोडी फिरवायची, एका ठरावीक कोनात हम बराच खाली बसतो आणि तिथेच बसून वाजवायचं. आणि अजून एक, डॉग-इअर कव्हर, म्हणजे दोन्ही टोकांना कानासारखे कोपरे असलेलं, थेट टॉपला स्क्रूने बसवलेलं असतं, पिकअप वर-खाली होत नाही, उंची हवी असेल तर खाली पातळ शिम (पट्टी) घाला नाहीतर पिकअपवरच्या, एकेका तारेखालच्या सहा स्क्रूंशी खेळत बसा.

मग मी हमबकरवाली का दिली? खर्जामुळे.

माझं वाजवणं बहुतेक डबल बेससोबत, ड्रम नाही, म्हणजे कॉर्ड मलाच धरून ठेवाव्या लागतात. फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा, तिसरी तार पण तशीच गुंडाळलेली. आता साधा जी-सेव्हन घ्या, सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जी, चौथीवर तिसऱ्याला एफ, तिसरीवर चौथ्याला बी. पी-९० वर हे तीन सूर तीन वेगळे ऐकू येतात, एफ कुठे आहे ते बोट दाखवून सांगता येतं. हमबकरवर, निदान माझ्यावाल्यावर, जी आणि एफ मिळून एक गोळा व्हायचा आणि बेसिस्टने पण त्याच वेळी जी लावला की संपलंच. टोन उघडला तर वरच्या दोन तारा टोचायच्या, मिटला तर खाली चिखल. ॲम्पचा बेस कमी करून पाहिला, स्क्रू खाली-वर केले, पिकअप खाली घेतला, थोडा फरक पडायचा पण दर वेळी दुसरं काहीतरी हातातून जायचं. कारण समजण्यासारखं आहे, दोन कॉइल तारेचा रुंद तुकडा ऐकतात, त्यात वरचे हार्मोनिक्स काही प्रमाणात एकमेकांना खातात, आणि कॉर्डमधले सूर वेगळे ओळखू येतात ते त्याच हार्मोनिक्समुळे. एकेक सूर वाजवताना हे जाणवतही नाही, कॉर्ड मेलडी (कॉर्डमधूनच चाल वाजवणं) सुरू केली की सतत टोचतं. हम मी सूर लागला की विसरतो, हा गोळा मात्र प्रत्येक कॉर्डला समोर उभा.

जॅझ गिटारिस्ट जिम हॉल सॅक्सोफोनवाल्या सॉनी रोलिन्ससोबत १९६२ च्या सुमारास पियानो नसलेल्या ग्रूपमध्ये वाजवत होता, तेव्हा त्याच्याकडे पी-९० वालीच १७५ होती. किती कमी सूर, आणि त्यातला प्रत्येक कसा मोकळा. मला तो आवाज फार आवडतो हे मान्य करतो, त्यामुळे माझं माप थोडं त्या बाजूला झुकलेलंच असणार.

पैशाचं पण बघा. १९५७ ते साधारण ६२ पर्यंतच्या हमबकरखाली 'पेटंट अप्लाइड फॉर' चं छोटं काळं स्टिकर असतं, आणि त्या पिकअपसाठी लेस पॉलवाले (गिब्सनच्याच भरीव बॉडीच्या गिटारचे शौकीन) वाट्टेल ते मोजतात. म्हणजे त्या काळातली १७५ घेताना लेस पॉलच्या वेडाचे पैसे आर्चटॉपवाला, म्हणजे १७५ सारखी फुगीर टॉपची गिटार घेणारा, भरतो. वर कित्येक गिटारींमधून ते पिकअप काढून लेस पॉलमध्ये गेलेत आणि जागी नंतरचे बसलेत, तेव्हा विकणाऱ्याला पिकअप उलटा करून फोटो पाठवायला सांगाच. सोलो लाइन वाजवणारे असाल, मोठ्या बँडमध्ये किंवा ड्रमसोबत बसणार असाल तर तरीही हमबकरच घ्या, मी अडवणार नाही.

पण एकटे किंवा बेससोबत वाजवणार असाल तर आधी १९५७ च्या आधीची, एका पी-९० ची शोधा. फोटोत डॉग-इअरच्या कडेने फिनिशवर नीट नजर टाका, मधल्या काळात कुणी हमबकर बसवायला टॉप कापून नंतर परत पी-९० लावला असेल तर कानांच्या खालून कापलेली कड किंवा हमबकरभोवतीच्या जुन्या रिंगच्या स्क्रूंची भोकं दिसतात. तशी असेल तर किंमत चांगलीच खाली यायला हवी, आणि वाजवायलाच घेत असाल तर ती पण वाईट नाही.