विहिरीच्या सुरुंगाचं काम : पैसे जास्त, पण यांनाच बोलवा

आमच्या विहिरीला ४२ फुटांवर काळा पाषाण लागला. मांजऱ्या, म्हणजे मऊ खडक, होता तोवर ब्रेकरने भागलं, पुढे सुरुंगाशिवाय इलाज नव्हता. पिशवीत जिलेटिन (दगड फोडायचं स्फोटक) आणि ते उडवणाऱ्या कॅपा घालून मोटारसायकलवर येणारे आमच्या भागात आहेत आणि ते स्वस्तही पडतात. पण घरात नातवंडं आहेत, म्हणून मी परवाना असलेल्या या टोळीलाच सांगितलं.

कॅप म्हणजे करंगळीपेक्षा बारीक धातूची नळी. ठोकली, तापली, घासली तरी उडते. वर काढलेल्या दगडमातीत एखादी राहिली आणि पोराच्या हाती लागली, तर बोटं जातात. यांचा माणूस गाडीतून काढताना प्रत्येक कॅप वहीत लिहीत होता, होलात भरल्यावर पुन्हा मोजत होता. उरलेल्या सगळ्या त्याच दिवशी मॅगझिनला, म्हणजे स्फोटकांच्या कोठाराला, परत गेल्या. जिलेटिन आणि कॅपांच्या पेट्या शेवटपर्यंत वेगळ्या. एवढ्या एका गोष्टीसाठी मी यांना पूर्ण गुण देते.

विजेच्या कॅपांवर १ एप्रिल २०२५ पासून देशभर बंदी आहे. वीज कडाडली किंवा कुठून भटका करंट आला, तरी त्या अवेळी उडू शकतात, आणि आमच्या बांधावरून तर विजेची लाईनच गेलीय. यांनी नॉनेल, म्हणजे विजेशिवाय उडणाऱ्या कॅपा, वापरल्या. प्लास्टिकच्या बारीक नळीत आतून स्फोटकाचा पातळसा थर असतो, त्यातून सेकंदाला सुमारे २००० मीटर वेगाने धक्का कॅपेपर्यंत जातो. नळीत वीज नाहीच. होलं काही मिलिसेकंदांच्या अंतराने एकामागून एक उडतात, त्यामुळे हादरा कमी बसतो. घराच्या भिंतीला एकही तडा नाही.

दुसऱ्या दिवशी एक बार फुटला नाही. यारीवाला (विहिरीतून दगडमाती वर ओढायचं यंत्र चालवणारा) खाली उतरायला निघाला होता. सुरुंग उडवणाऱ्या ब्लास्टरने त्याला हात धरून मागे ओढलं. आमच्या ह्यांनी घाई केली तेव्हा ब्लास्टर म्हणाला, "काका, आज काम थांबलं तरी चालेल." अर्धा तास कुणालाही विहिरीच्या काठाशी जाऊ दिलं नाही, मग तो एकटा पुढे गेला.

तक्रार एकच. ठरलेली तारीख दोनदा पुढे ढकलली, यारीचं भाडं आम्हाला फुकट भरावं लागलं. गाडी निघणार नसेल तर आदल्या संध्याकाळी फोन करत जा.