२० लिटरचा लोखंडी जेरीकॅन, सहा महिन्यांनंतर (मधे जीपचं इंजिनपण बदललं)

आधीच सांगून टाकतो, डिझेल-पेट्रोल न्यायच्या या कॅनला पाचपैकी साडेचार आणि त्याच्यासोबत आलेल्या ओतायच्या नळीला शून्य. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल.

जूनमध्ये नाशकात द्वारकेकडच्या एका ट्रकच्या सामानाच्या दुकानातून घेतला, २,२०० रुपये, मिलिटरी टाइप हिरवा, वर तीन दांड्या. दुकानाचं नाव नाही घेत कारण पुढे शिव्या आहेत. त्या तीन दांड्या मला शोभेच्या वाटल्या होत्या पण तसं नाहीये, एकट्याने उचलायचा तर मधली, दोघांनी उचलायचा तर बाजूच्या, आणि रिकामे असले तर दोन कॅन एका हातात येतात. डिझाइन १९३७ चं, जर्मन सैन्याचं. ब्रिटिश सोल्जर जर्मनांना जेरी म्हणायचे म्हणून जेरीकॅन, आणि गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पत्र्याच्या डब्यातून वाळवंटात इतकं पेट्रोल गळायचं की शेवटी त्यांनी शत्रूच्याच कॅनची कॉपी मारली. झाकण पण भारी, खटका दाबला की बसलं, फिरवायची भानगड नाही. तोंडाच्या आत हवेसाठी बारीक नळी असते त्यामुळे ओतताना प्लास्टिकच्या कॅनसारखं गुडूक गुडूक करून अंगावर उडत नाही. म्हणजे उडू नये.

उडतं ते नळीमुळे. ती तोंडावर नीट लॉकच होत नाही, वायसर जाड आहे, कॅन वाकवला की गळ्यातून डिझेल सुरू ते थेट कोपरापर्यंत. रिकामा कॅन चार किलोच्या आसपास, त्यात २० लिटर डिझेलचे साडेसोळा-सतरा, म्हणजे वीस किलो हातात धरून टाकीच्या तोंडाशी नेम धरायचा आणि वरून गळती. दुकानात परत नेली तर म्हणे "साहेब, सगळ्यांची अशीच येते." बरं.

उपाय सांगतो, हलवायचा सायफन घ्या. पाइपच्या टोकाला पितळी तोंड असतं, आत गोळी, कॅन बॉनेटवर ठेवायचा, तोंड आत सोडून वरखाली खळखळ हलवायचं, डिझेल आपोआप टाकीत उतरतं आणि आपण बाजूला उभं राहून चहा प्यायचा. मला २५० ला मिळाला. तोंडाने पाइप ओढायची सवय असेल तर सोडा रे, डिझेल पोटात गेलं तर गेलं पण ठसका लागून फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो.

आता इंजिनचं. काकांची ९४ ची एमएम ५४०, म्हणजे महिंद्राची जीप, आहे आमच्याकडे, त्यात मूळचं प्युजो कंपनीचं इंजिन, एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी. गोड इंजिन, पण आमचं पार दमलेलं. सकाळी हीटर (सुरू करण्याआधी इंजिन आतून तापवणारा प्लग) दोनदा तीनदा द्यायचा, मग सुरू होऊन अख्ख्या गल्लीत धूर, चढाला तर बैलगाडी बरी. सिलिंडर घासून बोअर करायचं का इंजिनच बदलायचं यात दोन महिने गेले, शेवटी ठरलं महिंद्राचंच डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन टाकायचं, २५२३ सीसी, कारण पार्ट नाशकात कुठल्याही दुकानात मिळतात आणि थंडीत हीटरची गरज नाही. खडखडतं मात्र भयंकर, आरसा इतका थरथरतो की मागच्या एका ट्रकचे दोन दिसतात.

वडाळा नाक्याकडच्या एका गॅरेजला दिली, त्याचंही नाव नाही. तिथले चाचा म्हणजे हाताने सोनं. सेकंडहँड डीआय आणलं ते आधी जमिनीवर लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवलं, माझाच कॅन स्टुलावर चढवला, एक नळी फिल्टरकडे, रिटर्नची दुसरी परत कॅनमध्ये, बॅटरी जोडली आणि तिथेच चालू करून दाखवलं. "पहले सुनो, बाद में पैसा दो." चालू इंजिनवर तेलाचं झाकण काढून उलटं ठेवलं, जागेवरच राहिलं, उडालं नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक. सेकंडहँड इंजिन घेताना हे बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

प्युजोचं बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं मधलं कवच) डीआयला चालत नाही, डीआयचं वेगळं आणावं लागलं. फाउंडेशन, म्हणजे इंजिन बसवायच्या चौकटी, नवी बनवली, आधी नुसते टाके मारले, गिअरबॉक्स जोडून सगळं सरळ रेषेत आलंय हे बघितलं आणि मगच पक्कं वेल्डिंग. रेडिएटर थोडा पुढे सरकवला, नाहीतर फॅन घासत होता. या कामात खोट काढायला जागा नाही.

खोट वेळेत आहे. चार दिवस म्हणाले, अकरा लागले. आणि कागदात आहे. आरसीवर इंजिन नंबर चढवण्याचं विचारलं तर "वो बाद में देखेंगे", अरे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आधी परवानगी मग इंजिन असा क्रम असतो, अपघात झाला तर विमा कंपनी पहिले नंबरच बघणार. शेवटी मीच काम थांबवून पेठ रोडला आरटीओत जाऊन अर्ज केला. म्हणजे अकरातले काही दिवस माझे पण आहेत, खरं बोलायला पाहिजे.

तिसरी गोष्ट मात्र माफ नाही. वेल्डिंग करताना डिझेलच्या काट्याची वायर तुटली आणि कुणी बघितलंच नाही. काटा अर्ध्यावर अडकलेला. ऑगस्टमध्ये त्र्यंबकवरून हरसूलकडे गेलो, पाऊस, शेतातला चिखल, फोर बाय फोर टाकून मज्जा चाललेली, डीआय लो गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न देता पण चढत होतं, आणि हरसूलच्या पुढे फडफड करून बंद. काटा म्हणतोय अर्धी टाकी. टाकीत डिझेल नावाला नाही.

कॅन होता म्हणून घरी आलो. पण डिझेल गाडी कोरडी पडली की नुसतं ओतून भागत नाही, लाइनमध्ये हवा शिरते. एकाने छत्री धरायची म्हणजे टाकीत पाणी जाणार नाही, मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, फीड पंपाची दांडी हाताने मारत बसायचं, आधी फेस येतो मग सलग डिझेल, तेव्हा स्क्रू आवळायचा. तरी घेत नव्हतं म्हणून नोझलच्या पाइपांचे नट सैल करून सेल्फ मारला, पचक पचक डिझेल आल्यावर आवळले. पाऊण तास गेला. पाने सीटखाली नसते तर तिथेच मुक्काम होता.

अर्धा मार्क का कापला तर आतला रंग. पावसाळ्यात कॅन महिनाभर अर्धा भरलेला पडून होता, आत घाम धरला आणि तोंडाशी गंज आला, ओतताना जाळीवर लाल कण. तेव्हापासून एकतर काठोकाठ नाहीतर पूर्ण रिकामा ठेवतो. विकत घेताना टॉर्च मारून आत बघा, कोटिंग आहे का. पंपावर भरताना गाडीत ठेवून भरू नका, खाली जमिनीवर ठेवा आणि नोझल तोंडाला टेकवून धरा, स्टॅटिकची ठिणगी पेट्रोलला पुरेशी असते.

नोव्हेंबरात दाजी फवारणीसाठी कॅन घेऊन गेले, दिंडोरीला बाग आहे त्यांची. "दाजी, डिझेलचाच आहे हां" एवढं बोललो होतो. परत आला तर झाकण उघडल्यावर पेट्रोलचा भपकारा. ताईपुढे काय बोलणार, दोन दिवस गच्चीवर उघडा ठेवला, मग पांढऱ्या ऑइल पेंटने चारी बाजूंना वितीएवढ्या अक्षरात डिझेल लिहिलं. जीपला मागे लावायला साखळी आणि कुलूप पण आणलंय.