आठ महिने जी१००० सिम्युलेटर: सगळं ठीक, पण तो नॉब!

गेल्या मंगळवारी कॉम्प्युटरवरच्या माझ्या विमान-सिम्युलेटरने न विचारता अपडेट घेतलं आणि माझ्या नॉबांचं सगळं मॅपिंग, म्हणजे कोणत्या नॉबने काय होतं ते, उडवलं. तक्रारीच्या मेलला उत्तर आलं, 'कृपया पुन्हा इन्स्टॉल करून पाहा.' होस्टेलच्या वायफायवर नव्वद जीबी! त्या तिरमिरीत लिहायला बसलोय, म्हणून कंपनीचं नाव घेत नाही.

सेसना १७२ या शिकाऊ विमानातला गार्मिनचा जी१०००, म्हणजे काट्यांच्या घड्याळांऐवजी दोन स्क्रीनचं पॅनेल, हाताखालून जावा, एवढ्यासाठीच घेतलं होतं. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सला, उड्डाणाचे २०० तास लागतात आणि विमानात इंजिन सुरू झालं की मीटर पळायला लागतो. तिथे बसून मेनू शोधत बसणं आमच्या बाबांच्या खिशाला परवडणारं नाही.

ग्राफिक्स वगैरे बघायचं त्यांनी बघावं. माझं भांडण एफएमएस नॉबशी, म्हणजे ज्याने मार्ग नि विमानतळ टाकायचे त्या नॉबशी. विमानात तो एकात एक दोन नॉबांचा असतो: बाहेरच्या कड्याने कर्सर सरकतो, आतल्याने अक्षर बदलतं, दाबला की कर्सर चालू-बंद. न बघता बोटांना कळतं. इथे माउसचा बाण जरा ढळला की आतल्याऐवजी बाहेरचं कडं फिरतं. पुणे विमानतळाचा कोड व्हीएपीओ टाकताना फिरवत फिरवत 'व्ही'पर्यंत पोचायचं आणि नेमका तिथेच कर्सर पुढच्या घरात. पहिले दोन महिने मी जी१००० कमी आणि माउस जास्त शिकलो. तेव्हा लिहिलं असतं तर दोनच स्टार दिले असते.

रेडीमेड पॅनेलची किंमत बघून मुकाट्याने ब्राउझर बंद केला. मग पुण्यात तपकीर गल्लीतून एक अर्डुइनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) नि चार रोटरी एन्कोडर (फिरवायचे नॉब) आणले, बुटाच्या खोक्याला भोकं पाडली. साडेअकराशेत काम झालं. एकात एक नॉब काही मिळाला नाही, म्हणून शेजारी शेजारी बसवले. दिसतं भिकार, पण चालतं झकास.

मत बदललं ते मात्र विमानात. उडवायला शिकवणाऱ्या सरांनी हवेत असताना पीएफडीचा, म्हणजे उंची-वेग दाखवणाऱ्या मुख्य स्क्रीनचा, उजेड पार उतरवला. माझा हात विचार करायच्या आत ऑडिओ पॅनेलच्या तळाशी असलेल्या लाल डिस्प्ले बॅकअप बटणावर! दोन्ही स्क्रीनवर फ्लाइट आणि इंजिनची माहिती एकत्र आली. मी मनातल्या मनात पाठ थोपटतोय, तोवर सर म्हणाले, "समजा पीएफडी खरंच गेला असता, तर टॉवरशी कशावर बोलला असतास?"

"कॉम वनवर, सर." म्हणजे दोन रेडिओंपैकी पहिल्यावर.

"तो गेला ना पीएफडीबरोबर! कॉम टू घे."

खोलीवर आल्यावर ताडून पाहिलं. माझ्या सिम्युलेटरमध्ये पीएफडी बंद पडला तरी कॉम वन खुशाल चालू. खऱ्या यंत्रणेत त्या डिस्प्लेला जोडलेल्या युनिटशी संपर्कच तुटतो, त्यामुळे कॉम वन आणि नॅव्ह वन (दिशा दाखवणारा पहिला रेडिओ) दोन्ही जातात. म्हणजे बटणाची सवय सिम्युलेटरने लावली खरी, पण अर्धवट. मॅन्युअल शेजारी उघडं ठेवल्याशिवाय याच्यावर सराव करू नका.

आणखी एक खोड लागते, नजर सतत स्क्रीनवर. ती मोडायला सरांनी दोन सॉर्टी (सरावाची उड्डाणं) दोन्ही डिस्प्ले कागदी चार्टने झाकून उडवायला लावलं.

नॅव्हडेटाची, म्हणजे विमानतळ नि हवाई मार्गांच्या ताज्या माहितीची, वर्गणी मी भरलेली नाही. दर २८ दिवसांनी डेटा बदलतो हे मान्य, पण बटणं शिकायला जुना चालतो.

तर साडेतीन स्टार. मॅपिंग काल रात्री जागून परत बसवलं आणि या वेळी कागदावर लिहून खोक्याच्या झाकणाला चिकटवलं. आतला नॉब अजून उलटा फिरतोय, ते रविवारी बघतो.