एक्सेल पुरे की ईआरपी घ्यावं? जॉबवर्कला माल पाठवणाऱ्यांसाठी

वाळूज एमआयडीसीत दोन-चार प्रेस टाकून ब्रॅकेट काढणारे ओळखीचे हल्ली हेच विचारतात. मी दोन्ही वापरलंय: सहा वर्षं एक्सेल आणि व्हॉट्सॲप, गेली तीन वर्षं ईआरपी, म्हणजे ऑर्डर, स्टोअर, हिशेब सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर.

एक्सेलला नावं ठेवणार नाही. पोरांना आधीच येतं. गिऱ्हाइकाचं शेड्यूल सोमवारी येतं, बुधवारी फोनवर बदलतं. आकडा खोडून नवा टाकला की झालं. ईआरपीत तेवढ्यासाठी अमेंडमेंट करा, मग मंजुरी घ्या. टेम्पोवाला गेटवर हॉर्न वाजवतोय आणि आत नेट गेलेलं, हेही भोगलंय.

पण माल गेटबाहेर पडला की खरी गंमत. जॉबवर्क म्हणजे आपल्या मालावरचं काम बाहेरच्याकडून करून घेणं. आमची हीट ट्रीटमेंट (भट्टीत तापवून कडक करणं) चिकलठाण्याला, प्लेटिंग (धातूचा मुलामा) वाळूजमध्येच. एकदा प्लेटिंगला १२०० ब्रॅकेटचं नवं चलन (मालासोबत जाणारी पावती) काढलं. आधी ७०० परत आले. पुढच्या खेपेत नव्याचे ३८० आणि जुन्या चलनाचे राहिलेले १५० एकत्रच आले. स्टोअरवाल्याने सगळे ५३० नव्यावर चढवले. शिल्लक, वजा ३०! एक्सेलने निमूट दाखवलं, आम्ही कुणी पाहिलंच नाही. उलट जुन्या १५० साठी प्लेटिंगवाल्याच्या मागे महिनाभर लागलो, त्याचे पैसे कापायची डेबिट नोटही काढली. तो बिचारा "भाऊ, माल कधीच पोचवला" म्हणत राहिला. शेवटी रविवारी त्याच्या चलनांचा गठ्ठा घेऊन बसलो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डेबिट नोट मागे घेताना त्याच्याकडे बघवत नव्हतं.

त्यात जीएसटी. जॉबवर्कला दिलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरतात आणि कर व्याजासकट भरावा लागतो. ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर आयटीसी-०४ (जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाच्या हिशेबाचा फॉर्म) दर सहा महिन्यांनी, नाहीतर वर्षातून एकदा. चुकीच्या चलनावर चढलेला माल तिथे नडतो.

आमचं ईआरपी चलनावर ५०० शिल्लक असताना ५३० घेतच नाही. एवढ्या अडवणुकीसाठी मी दरवर्षी पैसे मोजतो म्हणा ना.

अर्थात, जॉबवर्कवाला एकच आणि महिन्याला पाच-सात चलनं असतील तर घाई नको. तीन ठिकाणी माल फिरत असेल तर मात्र मी थांबणार नाही. डेमोला येणाऱ्याला रंगीत आलेख दाखवत बसू देऊ नका. दोन चलनांचा माल एका खेपेत, त्यात काही पीस रिजेक्ट, ही एन्ट्री समोर करायला लावा. आमच्याकडे आलेल्या तिघांपैकी दोघांना ती जमली नव्हती.